अल्वर्ड वाळवंटात आई-बाबांसह तीन रात्री: भाड्याच्या आरव्हीचा सगळा हिशोब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पोर्टलंडजवळ राहता, पुण्याहून आई-बाबा आलेत, सप्टेंबरअखेरीस २५ फुटी क्लास सी मोटरहोम (ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेले फिरते घर, म्हणजेच आरव्ही) भाड्याने घेऊन आग्नेय ऑरेगनमधल्या अल्वर्ड वाळवंटात तीन रात्री राहायचे आहे. माणसे चार, सगळी मोठी. जनरेटर रोज किती तास चालवावा आणि टाकीतले पाणी पुरेल का, एवढेच तुम्ही विचारले आहे.

दोन्हीची उत्तरे आकड्यांसह देतो. पण या बेतातली खरी अडचण पाण्याची किंवा विजेची नाही. सहा टनांची, दुसऱ्याच्या मालकीची गाडी तुम्ही खडीच्या रस्त्याने नेऊन अशा जमिनीवर उभी करणार आहात, जिच्यावर रुतलात तर ओढून काढायला येणारा शंभराहून अधिक मैलांवर आहे. ती गोष्ट आधी मिटवली पाहिजे. बाकीचे हिशोब त्यानंतर सोपे आहेत.

अल्वर्ड ज्या हार्नी काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) येते, तिचा आवाका आधी लक्षात घ्या. तिचे क्षेत्रफळ आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या साधारण दीडपट, आणि २०२०च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या साडेसात हजारांच्या आत होती. त्यातलेही निम्म्याहून जास्त लोक बर्न्स आणि हाइन्स या जोडगावांत आणि आसपास राहतात. अल्वर्डचा तळपट्टा, म्हणजे सुकलेल्या तळ्याचा सपाट तळ, सुमारे ४,००० फुटांवर आहे आणि त्याच्या पश्चिमेला ९,७३३ फुटांचा स्टीन्स डोंगर भिंतीसारखा उभा आहे. ढग पलीकडेच रिकामे होतात, म्हणून इकडे वर्षाकाठी जेमतेम सात इंच पाऊस. गाव म्हणावे असे सगळ्यांत जवळचे ठिकाण म्हणजे फील्ड्स: एक दुकान, पेट्रोलचे पंप, खायची सोय. संपले.

आता भाडेकरार. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या आरव्ही-भाडे कंपन्यांच्या करारात कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्यास मनाई असते. कॅम्पग्राउंडपर्यंत जाणाऱ्या, नीट राखलेल्या छोट्या रस्त्याला सहसा सूट मिळते, पण ते कंपनीवर अवलंबून. मनाईच्या रस्त्यावर टायर फाटला किंवा गाडी रुतली, की विमा आणि रस्त्यावरची मदत दोन्ही हात वर करतात आणि सगळा खर्च तुमच्या अनामत रकमेतून, मग तुमच्या खिशातून जातो. गाडी थेट मालकाकडून भाड्याने घेत असाल, तर काही मालक परवानगी देतात. ती तोंडी चालत नाही. ‘फील्ड्सच्या उत्तरेला सुमारे २३ मैल, त्यात बराच भाग खडीचा, आणि कोरड्या तळपट्ट्यावर मुक्काम’ इतक्या स्पष्ट शब्दांत लेखी घ्या. मालकाने ‘चालेल’ म्हटले आणि नंतर विमा कंपनीने ‘नाही’ म्हटले, तर मालकाचा शब्द काही कामाचा नाही, म्हणून विम्याच्या कागदातले कलमही स्वतः वाचा.

परवानगी मिळाली नाही, तर माझा स्पष्ट सल्ला: मोटरहोम डांबरी रस्त्यालगत ठेवा आणि वाळवंटात रोज तुमच्या स्वतःच्या गाडीने जा. चारही जण मोठे आहात, म्हणजे गाडी चालवणारे निदान दोघे असतील. एकाने मोटरहोम चालवायचे, दुसऱ्याने घरची गाडी. भाड्याच्या मोटरहोममागे गाडी ओढत न्यायला कंपन्या सहसा परवानगी देत नाहीत, तेव्हा तो विचार सोडा. परवानगी मिळाली तरीही आई-बाबा बरोबर असताना मी हाच बेत सुचवेन. मोटरहोमचे काही बिघडले तर हाताशी दुसरी गाडी असते. या भागात यापेक्षा मोठी सोय नाही.

मुक्कामाच्या तीन जागा विचारात घ्या. बर्न्सपासून २५ मैलांवर, हायवे ७८ वर क्रिस्टल क्रेन हॉट स्प्रिंग्ज आहे. तिथे वीज-पाण्याच्या जोडणीसह आरव्हीच्या जागा आहेत आणि गरम पाण्याचे तळेही. आई-बाबांसाठी सगळ्यांत आरामाची हीच जागा. मात्र तिथून अल्वर्ड दूर पडते आणि मधला पूर्वेकडचा खडीचा टप्पा जवळजवळ ४० मैलांचा आहे. दुसरी जागा फ्रेंचग्लेनजवळचे पेज स्प्रिंग्ज कॅम्पग्राउंड. पिण्याचे पाणी आणि खड्ड्याचे स्वच्छतागृह आहे, वीजजोडणी नाही. झाडे आहेत, नदी आहे, आणि वर जाणारा स्टीन्सचा रस्ता तिथूनच सुरू होतो. तिसरी जागा खुद्द फील्ड्स. तिथे आरव्हीच्या मोजक्याच जागा, तेव्हा आधी फोन करून पक्के करा. बर्न्सपासून फ्रेंचग्लेन ६० मैल आणि तिथून फील्ड्स सुमारे ५०, हायवे २०५ ने, सगळा रस्ता डांबरी. मी असतो तर एक रात्र क्रिस्टल क्रेनला आणि दोन फील्ड्सला काढल्या असत्या. पहिल्या रात्री वीजजोडणी असल्याने गाडीतली हरेक वस्तू चालवून बघता येते, आणि काही बंद निघाले तर बर्न्स अर्ध्या तासावर असते.

समजा परवानगी आहे आणि तुम्हाला तळपट्ट्यावरच राहायचे आहे. जागा सरकारी आहे, बीएलएम या केंद्र सरकारच्या जमीन-व्यवस्थापन खात्याच्या ताब्यातली. तिथे फुकट राहता येते आणि १४ दिवसांची मर्यादा तुम्हाला आड येत नाही. वाळलेला तळपट्टा दगडासारखा घट्ट असतो. १९७६ साली स्टंट करणाऱ्या किटी ओनीलने याच जमिनीवर ताशी ५१२ मैलांहून जास्त वेगाने रॉकेटगाडी पळवली होती. पण ही घट्टाई वरच्या कवचाची आहे. खाली बारीक चिकणमाती असते, आणि पश्चिम कडेला जिथे झरे उतरतात तिथे ती बाराही महिने ओली राहू शकते. लोक रुततात ते बहुतेक आत शिरताना किंवा बाहेर पडताना, या कडेच्या पट्ट्यात.

म्हणून आत जाण्याआधी उतरून पायी चाला. निदान पन्नास-साठ पावले, जिथून चाके जाणार त्याच रेषेत. फिकट पांढरी, बहुकोनी भेगा पडलेली जमीन कोरडी. रंग गडद झाला, भेगा दिसेनाशा झाल्या किंवा पृष्ठभाग गुळगुळीत चमकायला लागला, की खाली ओल आहे. टाच जोरात रोवून बघा. ठसा बोटाच्या पेरापेक्षा कमी खोल आला तरी, कडा चिकट होऊन मातीचा गोळा बुटाला लागला, तर मागे फिरा. आधी गेलेल्या गाड्यांच्या खुणांवर भरवसा ठेवू नका. दीड-पावणेदोन टनांची गाडी ज्या कवचावरून सहज जाते, ते साडेपाच-सहा टनांच्या मोटरहोमखाली फुटते, आणि मोटरहोमचा बहुतेक भार मागच्या जोडचाकांवर असतो. त्यामुळे पुढची चाके पार झाली म्हणून हुश्श करू नये.

चाके फिरायला लागून गाडी पुढे सरकेनाशी झाली, की त्याच क्षणी ॲक्सिलरेटर सोडा. आणखी दाबलात तर गाडी ॲक्सलपर्यंत बसते. अशा वेळी टायरची हवा कमी करायचा सल्ला जीपवाले देतात. तो तुमच्या कामाचा नाही, कारण या गाडीच्या मागच्या टायरांत ८० पीएसआयच्या आसपास हवा लागते आणि डिकीतला छोटा कंप्रेसर तिथवर पोचत नाही. कमी हवेने परत २३ मैल खडीवर गेलात तर टायर गेलेच. फावडे आणि चार जाड फळ्या जवळ असू द्या, माती हटवून फळ्या चाकाखाली घाला आणि ज्या दिशेने आलात त्याच दिशेने मागे घ्या.

पावसाचा अंदाज जरा जरी असला तर रात्र तळपट्ट्यावर काढू नका. तासाभराच्या सरीने वरचे कवच साबणासारखे निसरडे होते. सापडलातच तर हलू नका. कोरडे होईपर्यंत, एक दिवस लागो की दोन, तिथेच थांबा. एक-दोन दिवसांचे जास्तीचे खाणेपिणे आणि बाबांची औषधे बरोबर हवीत ती याचसाठी.

वारा हा दुसरा भाग. दुपारनंतर तो बहुधा पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून सुटतो आणि पांढरी धूळ उठते. गाडीचे तोंड वाऱ्याकडे करून उभी करा. बाजूचे सावलीचे कापडी छत उघडलेत तर माणूस शेजारी असेपर्यंतच उघडे ठेवा, कारण एका झोताने त्याच्या दांड्या वाकतात आणि ते बदलण्याचा खर्च मोठा असतो. धूळ यायला लागली की छतावरच्या खिडक्या, शेगडीवरच्या पंख्याची बाहेरची झडप आणि सगळ्या काचा बंद. ही धूळ क्षारयुक्त असते, ॲल्युमिनियमला आणि तारांच्या जोडांना खाते. परतल्यावर दोन दिवसांत खालून-वरून भरपूर पाण्याने गाडी धुवा. पाण्यात थोडे व्हिनेगर घातले तर पांढरा थर लवकर सुटतो. भाड्याच्या गाडीवर सफाईचा जास्तीचा आकार लागतो तो बहुतेक याच धुळीमुळे.

आता वीज. सप्टेंबरअखेरीस तिथे दिवसा पंचविशीच्या आसपास तापमान आणि पहाटे शून्याच्या जवळ. म्हणजे एसीची गरज फारशी नाही, पण हीटर रात्रभर चालू-बंद होत राहणार. हीटर प्रोपेनवर चालतो हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याचा पंखा बॅटरीवर चालतो हे लोक विसरतात, आणि पहाटे चारला गाडी थंडगार पडते. बॅटरीचा व्होल्टेज उतरला की पंखा पुरेसा वारा देत नाही, आणि हीटर स्वतःच बंद होतो. प्रोपेन भरलेला असतो, उपयोग शून्य.

भाड्याच्या क्लास सीमध्ये बहुधा दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या असतात, मिळून सुमारे १६० अँपिअर-तास (बॅटरीतली साठवण मोजायचे माप; ८ अँपिअर घेणारी वस्तू तासाला ८ खाते). त्यातले निम्मे वापरायचे, म्हणजे ८०. थंडीत क्षमता पाचव्या हिश्शाने घटते, धरून चला ६५. आता रात्रीचा खर्च. हीटरचा पंखा साधारण ८ अँपिअर घेतो आणि बारा तासांच्या रात्रीत पाच तास फिरला तर ४०. दिवे, पाण्याचा पंप, गॅस-गळतीचा अलार्म मिळून आणखी ८ ते १०. आणि मग फ्रिज, ज्यावर सगळा हिशोब फिरतो.

जुन्या गाड्यांतला फ्रिज प्रोपेनवर चालतो आणि बॅटरीतून नुसत्या नियंत्रणापुरते, रात्रभरात ५-६ अँपिअर-तास घेतो. एकूण ५५, म्हणजे ६५ मध्ये बसले. नव्या गाड्यांत १२ व्होल्टवर चालणारा कंप्रेसरचा फ्रिज असतो. तो रात्रीचे ३५ सहज खातो. एकूण ८५च्या आसपास, म्हणजे पहाटेच्या आधीच हीटर बंद. तेव्हा आरक्षण करण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न: फ्रिज गॅसचा की १२ व्होल्टचा? १२ व्होल्टचा असेल तर लिथियम बॅटरी आहे का आणि किती अँपिअर-तासांची? लिथियम २०० असली तर काळजी नाही, ती जवळजवळ पूर्ण वापरता येते. बाबा झोपताना सीपॅप (झोपेत श्वास अडू नये म्हणून लावायचे यंत्र) लावत असतील तर त्याचे २० वेगळे धरा, आणि त्याचा पाणी तापवणारा भाग बंद ठेवा. सगळ्यांत जास्त वीज तोच ओढतो.

जनरेटर. फ्रिज गॅसचा असेल तर रोज अडीच ते तीन तास, दोन हप्त्यांत. संध्याकाळी झोपण्यापूर्वी दीड तास, म्हणजे रात्रीला सुरुवात भरल्या बॅटरीने होते. सकाळी तासभर, चहा-नाश्त्याच्या वेळी, म्हणजे मायक्रोवेव्ह वगैरे त्याच वेळात उरकते. एका दमात पाच तास चालवण्यात अर्थ नाही. लेड-ॲसिड बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत भराभर भरते आणि पुढे चार्जिंग मंदावते, म्हणजे शेवटच्या दोन तासांत पेट्रोल जाते आणि बॅटरीत फारसे काही पडत नाही. ४,००० वॅटचा जनरेटर ४,००० फुटांवर दहा-बारा टक्के कमी ताकद देतो. एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावू नका. तासाला साधारण अर्धा गॅलन (एक गॅलन म्हणजे सुमारे ३.८ लिटर) पेट्रोल धरा. ते गाडीच्याच टाकीतून येते, पण टाकी पाव राहिली की जनरेटरला पेट्रोल मिळणे बंद होते. हे मुद्दाम केलेले असते, गाडी परत नेता यावी म्हणून. बऱ्याच कंपन्या जनरेटरच्या तासांचे वेगळे पैसे लावतात, तेही विचारून घ्या. छतावर २०० वॅटचा सोलर असेल तर त्या दिवसांत उघड्या आकाशाखाली दिवसाला ५० अँपिअर-तासांच्या आसपास मिळतात. पण पॅनेलवरची धूळ रोज पुसावी लागते.

एक गोष्ट ठामपणे सांगतो. माणसे झोपलेली असताना जनरेटर चालवायचा नाही, आणि ऊब यावी म्हणून गॅसची शेगडी पेटवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडी ताब्यात घेताना त्याच्या अलार्मचे बटण दाबून बघा आणि मागे छापलेली मुदत वाचा.

प्रोपेन पुरेल. ३०,००० बीटीयूचा (उष्णतेचे माप, तासाला) हीटर पाच तास जळला तर सुमारे १.६ गॅलन, फ्रिजला दिवसाला ०.४, पाणी तापवायला आणि स्वयंपाकाला थोडे. दिवसाला सव्वादोन गॅलन, तीन दिवसांत सात. टाकीत वापरायला दहा-बारा असतात. बर्न्सला भरून निघा. फ्रिज गॅसचा असेल तर तो ५,५०० फुटांच्या वर नीट चालत नाही, ज्योत विझू शकते. अल्वर्डला किंवा पेज स्प्रिंग्जला अडचण नाही. स्टीन्सवरचे फिश लेक कॅम्पग्राउंड ७,४०० फुटांवर आहे, तिथे मुक्कामाचा विचार करत असाल तर हे ध्यानात ठेवा. तिथली पहाटही जास्त बोचरी असते.

पाणी. टाकी ४० गॅलनची धरू. चार माणसे, घरच्यासारखे वापरले तर दीड दिवस. जपून वापरले तर अडीच. तीन रात्री निघायला हव्यात तर तीन गोष्टी करा.

पिण्याचे पाणी टाकीतून घ्यायचेच नाही. माणशी दिवसाला एक गॅलन, चार माणसे, चार दिवस: १६ गॅलन वेगळ्या कॅनमध्ये. चौथा दिवस राखीव. कोरड्या हवेत घाम लगेच सुकतो, म्हणून तहान लागली हे ज्येष्ठांना उशिरा कळते. त्यांच्या हातात बाटली द्या आणि संध्याकाळी ती रिकामी झाली का ते बघा.

अंघोळीचे पाणी टाकीतून जाऊ नये. क्रिस्टल क्रेनला सोय आहेच. अल्वर्ड हॉट स्प्रिंग्ज ही खासगी जागा आहे, शुल्क भरून काँक्रीटच्या हौदात बसता येते. तिथले मूळ झऱ्याचे पाणी भाजण्याइतके गरम असते, तेव्हा हौद सोडून झऱ्याच्या कडेला कोणी जाऊ नये. जवळच्या मिकी हॉट स्प्रिंग्जमध्ये तर उतरायचेच नाही, ते नुसते बघण्याचे आहे.

आणि भांडी. आपल्या स्वयंपाकातले तेल हा आरव्हीच्या सांडपाण्याचा मोठा शत्रू. थंड रात्री ते ग्रे टाकीत, म्हणजे भांडी-अंघोळीच्या सांडपाण्याच्या टाकीत, थिजते, हळद-मसाल्यासकट सेन्सरवर बसते आणि टाकी भरलेली नसताना भरली असे दाखवते. कढई, ताटल्या आधी कागदाने कोरड्या पुसा, कागद कचऱ्यात, मग दोन लहान टबांत धुवा: एकात साबण, एकात साधे पाणी. दिवसाला तीन गॅलनमध्ये चौघांची भांडी निघतात. ग्रे टाकीचे पाणी जमिनीवर सोडायचे नाही, मनाई आहे, आणि रखरखाटात तो वास दिवसेंदिवस राहतो.

स्वयंपाकाचेच आणखी थोडे. ४,००० फुटांवर पाणी ९६ अंशांलाच उकळते. उघड्या भांड्यात डाळ शिजवायला बसलात तर गॅस आणि पाणी दोन्ही जातील. लहान प्रेशर कुकर न्या, घरी होतात त्यापेक्षा एक शिटी जास्त द्या. छोले-राजमा भिजवून, शक्यतो घरूनच शिजवून गोठवून न्या. ते फ्रिजमध्ये बर्फाचेही काम करतात. पोळ्या घरून करून न्याव्यात. गाडीच्या आत तवा तापला की धुराचा अलार्म वाजतो, आणि मग लोक चिडून त्याची बॅटरी काढतात. ती काढायची नाही. फोडणी देताना पंखा आणि खिडकी उघडा, किंवा वारा नसेल तेव्हा बाहेरच्या शेगडीवर द्या. उघडी शेकोटी पेटवण्याआधी आगीबाबतचे निर्बंध बीएलएमच्या बर्न्स कार्यालयाकडे विचारा. सप्टेंबरात ते बऱ्याचदा लागू असतात. परवानगी असली तरी लोखंडी पाटीत पेटवा आणि राख परत न्या.

आता शौचालयाचा प्रश्न, जो आपल्याकडचे लोक संकोचाने विचारत नाहीत आणि ज्याने सहली फसतात. ब्लॅक टाकी, म्हणजे मैल्याची टाकी, ३० गॅलनच्या आसपास असते. चार माणसे, प्रत्येकी दिवसाला सहा फेऱ्या, म्हणजे २४. घरच्यासारखा मग भरून पाणी वापरले आणि पेडल दाबून धरले तर प्रत्येक फेरीला दोन लिटरच्या वर जाते, आणि दोन-अडीच दिवसांत टाकी तुडुंब. धुणे सोडायला कोणी सांगत नाही. अर्ध्या लिटरची, दाबून फवारा येणारी प्लॅस्टिकची बाटली ठेवा. अर्धा लिटर धुवायला, पाऊण लिटर फ्लशला. दिवसाला आठ गॅलन, टाकी साडेतीन दिवस जाते. आई-बाबांना हे पहिल्याच संध्याकाळी, गाडी डांबरावर असतानाच करून दाखवा. सुरुवातीला टाकीत दोन गॅलन पाणी आणि टाकीचे औषध घालायला विसरू नका. तळ कोरडा राहिला तर मैला एका जागी ढिगासारखा साचतो आणि रिकामा करताना निघत नाही. ओले वाइप्स टाकायचे नाहीत, पुड्यावर काहीही छापलेले असो. टाक्या रिकाम्या करायची सोय बर्न्स-हाइन्सला आहे. जाताना रिकाम्या करून निघा आणि येताना तिथेच करा. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते.

रात्री गोठण बिंदूच्या खाली जाईल असा अंदाज असेल आणि तुम्ही जोडणीच्या जागी असाल, तर पाण्याची नळी काढून, रिकामी करून आत ठेवा.

आई-बाबांबद्दल. ४,००० फुटांवर झोपण्याने सहसा त्रास होत नाही. स्टीन्सच्या माथ्याकडे गाडीने जाल तेव्हा एका सकाळीत साडेपाच हजार फूट चढता. रक्तदाबाची, हृदयाची किंवा लघवी वाढवणारी (‘पाण्याची’) गोळी चालू असेल तर निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला. वर तासभर थांबा, चालायची घाई नको, डोके दुखले की खाली. तो रस्ताही घरच्या गाडीनेच करा, फ्रेंचग्लेनच्या बाजूने वर जाऊन त्याच वाटेने परत. दक्षिणेकडचा उतार खडबडीत आहे आणि मोटरहोमसाठी नाहीच. वरची फाटके बर्फ पडले की बंद होतात, म्हणून आदल्या दिवशी खात्री करा. तळपट्ट्यावर सावली नाही, झाड नाही, स्वच्छतागृह नाही. अकरा ते चार त्यांना गाडीच्या सावलीत बसवा. तिथली खरी मजा सूर्योदयाला, सूर्यास्ताला आणि रात्री तारे निघाल्यावर आहे.

फोन बहुतेक भागात लागत नाही. नकाशे आधीच उतरवून घ्या. उपग्रहावरून मदत मागता येणारा फोन, आयफोन १४ किंवा नंतरचा, किंवा वेगळे उपग्रह-यंत्र जवळ असू द्या, आणि ते कसे वापरायचे हे दोघांना तरी यायला हवे. घरी कोणाला तरी परतीची वेळ सांगून ठेवा. रुग्णालय बर्न्सला आहे, फील्ड्सपासून सुमारे ११० मैल, म्हणजे दोन तास. आई-बाबांचा प्रवासविमा हवाई रुग्णवाहिकेचा खर्च देतो का, हे पॉलिसीत बघा.

घरच्या गाडीचे सुटे चाक तपासा. नव्या गाड्यांत, विशेषतः हायब्रिडमध्ये, चाकाऐवजी नुसती फेसाची बाटली आणि पंप असतो. खडीने टायरची बाजू चिरली तर त्या फेसाने काही होत नाही. चाक नसेल तर विकत किंवा उसने घ्या. खडीवर ताशी २५-३० मैलांच्या वर जाऊ नका. मोटरहोम असेल तर १५-२०, कारण रस्त्यावरच्या आडव्या लाटांनी कपाटांचे स्क्रू आणि गॅसचे जोड सैल होतात. पोचल्यावर साबणाचे पाणी लावून जोड तपासा.

पेट्रोल बर्न्सला भरा आणि फील्ड्सला पुन्हा भरा, अर्धी टाकी असली तरी. मोटरहोम गॅलनला आठ-दहा मैल देते. सूर्यास्तानंतर गाडी चालवायची नाही. इथे गुरे कुंपणाशिवाय मोकळी चरतात, काळी गाय काळ्या रस्त्यावर दिसत नाही, आणि धडक झाली तर गायीची भरपाईही तुमच्याच माथी येऊ शकते.

गाडी परत देण्याआधी सगळ्या टायरांच्या दोन्ही बाजू, पुढची काच आणि खालचा भाग यांचे फोटो काढा. घेतानाही काढा, त्याच कोनातून. फ्रिज कोणता आहे, बॅटऱ्या कोणत्या आहेत आणि करारातले कच्च्या रस्त्याचे कलम काय म्हणते, एवढे कळले की इथेच लिहा. मग रात्रीच्या विजेचा हिशोब तुमच्याच गाडीचा मांडून देतो.